साडेतीन हातांचा झिरा

अकोल्याहून दर्यापूरकडे निघालं की पूर्णेच्या अलीकडे बोरखार लागतं. जमीन काळीभोर, कपाशी कमरेएवढी, ज्वारी माणूस हरवेल एवढी. सगळं उत्तम, पण पाणी खारं. खारं म्हणजे किती? साबण झिजून चपटा झाला तरी फेस येत नसे. चहात दूध ओतलं की ते फाटत असे. आणि तुरीची डाळ सकाळी चुलीवर चढवली तर दुपारीसुद्धा पातेल्यात खडखडा वाजत असे. गावातल्या बायकांच्या हाताला भाजीत मीठ घालायची सवयच नव्हती. पाण्यातच एवढं मीठ, वरून आणखी कशाला? मिठाचा डबा फळीवर मागे ढकललेला असायचा आणि सणाला गोड्या पाण्याचं वरण झालं तरच खाली उतरायचा.

अशा गावात चतुराबाईची जीभ प्रसिद्ध होती. भांडणासाठीही होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण खरी प्रसिद्धी वेगळीच. डोळे मिटून घोटभर पाणी जिभेवर फिरवलं की ती सांगायची, "हे शाळेच्या विहिरीचं. आन ह्याच्यात कोनीतरी काल घागर न धुता बुडवली." घागर बुडवणारी बाई शेजारीच उभी असे आणि तिथून निमूट सटकत असे.

ही जीभ तयार झाली ती मात्र काही कौतुकानं नाही. छप्पन साली नागपूरला जाऊन चतुराबाईच्या वस्तीनं धम्म घेतला. त्याच्या कितीतरी आधीपासून गावतळ्याचं गोडं पाणी या वस्तीला बंद होतं. तळ्याकडे नुसतं पाहिलं तरी लोक ओरडायचे. मग तिच्या सासऱ्यानं नाल्याच्या रेतीत खड्डा खणला, त्याला दगड लावले, आणि काय नवल, साडेतीन हातांवर गोडं पाणी लागलं! थोडं, संथ, प्यायपुरतंच, पण गोडं. रांधायला खारंच. वस्ती या झिऱ्यावर जगली. चतुराबाई लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानं तिला दागिना घातला नाही. झिऱ्याच्या आतल्या दगडावरची चुन्याची रेघ दाखवली आणि सांगितलं, की पाणी या रेघेच्या खाली गेलं तर उपसा थांबवायचा, आणि कोणी कितीही म्हणो, खोल खणायचं नाही.

एकोणसाठच्या पुरात गावतळं फुटलं आणि गाळानं भरलं. सगळं बोरखार एका दिवसात प्यायलाही खाऱ्या पाण्यावर आलं. तिसऱ्या दिवशी पाटलाच्या घरची तानुबाई डोईवर घागर घेऊन झिऱ्याच्या काठाशी येऊन उभी राहिली. पुढे येईना, परत जाईना. चतुराबाईला त्या वेळी काय काय आठवलं असेल ते सांगत बसलो तर हा कागद पुरायचा नाही. तिनं तानुबाईला चांगलं पाच मिनिटं उभं ठेवलं. मग म्हणाली, "घरामागं दोन घागरी. सगळ्यायले दोनच. मलेबी दोनच. आन म्हशी खालच्या अंगाले धुवाच्या." तेव्हापासून आख्खं गाव रोज सकाळी विचारू लागलं, "चतुराबाई, आज भरू काय वो?" आणि ती कमरेवर हात ठेवून "भरा" म्हणायची. एवढं सुख तिला दुसऱ्या कशातच वाटत नसे, आणि ते ती लपवतही नसे.

पण त्रेसष्ट साली हे सुख तिला पुरेना. तिचा एकुलता एक मुलगा देवमन अमरावतीहून ट्रेनिंग करून जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाला होता. सरळ नाकाचा, शांत, कायमची नोकरी. तरी तीन स्थळं परत गेली. कारण एकच. खारपाणात पोरगी द्यायची नाही. तिसऱ्या स्थळाचा बाप तर वेशीच्या विहिरीचं घोटभर पाणी पिऊन बैलगाडीतून उतरलाच नाही. देवमन काही बोलायचा नाही, पण तो हल्ली वर्गातल्या पोरांना पावसाचं चक्र शिकवताना फार उसासे टाकतो, असं चतुराबाईच्या कानावर आलं होतं.

आणि मग चौथं स्थळ आलं. तेही कुठून, तर शेंदूरजनाघाटहून! संत्र्यांच्या मुलखातून! मुलगी ललिता, सातवी पास. बाप बुधाजी, संत्र्याच्या बागेत ओलित करणारा माणूस. ट्रेनिंगमधल्या एका मास्तरानं जुळवून आणलेलं. कार्तिकातल्या रविवारी बुधाजी आणि त्याची थोरली बहीण पंचफुला घर पाहायला येणार, असं कार्ड आलं. खाली वेगळ्या शाईत एक ओळ होती: "माझी बहीण वरण खाल्ल्याबिगर ठरवत नाही."

चतुराबाईनं आठ दिवस स्वतःच्या दोन घागरींतून वाचवून वाचवून मोठा रांजण गोड्या पाण्यानं भरला. तिच्या घरी एक पाणी तीनदा कामाला यायचं. आधी डाळ-तांदूळ धुवायचे, त्याच पाण्यात भाजी धुवायची, मग ते पाणी नळीनं परसातल्या पपईला. पपईचं झाड त्यामुळे माजल्यासारखं वाढलं होतं. शनिवारी सगळी तयारी पाहून ती कपबशा आणायला अकोल्याला गेली. पाहुण्यांना पितळी पेल्यात चहा द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.

मागे घरी होता मोतीराम, तिचा धाकटा भाऊ. मोतीरामसारखा मायाळू माणूस साऱ्या तालुक्यात नव्हता आणि त्याच्या मायेपासून वाचलेला माणूसही नव्हता. तो झिऱ्याकडे बघत बसला आणि त्याचं मन भरून आलं. संत्र्याच्या मुलखातले पाहुणे येणार, आणि आपली बहीण त्यांना मोजून पाणी देणार? शोभतं का? साडेतीन हातांवर एवढं पाणी, तर आठ हातांवर किती असेल! त्यानं वस्तीतले चार गडी हाकारले, पाटलाच्या वाड्यावरूनही दोघे धावत आले, कारण देवमन मास्तर सगळ्यांचाच लाडका. फावडी चालली, घामाच्या धारा लागल्या, आणि चार वाजता खालून पाणी असं उसळून आलं की सगळे झिऱ्यातच नाचायला लागले. मोतीरामनं तर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पागोटं हवेत उडवलं. ते पाण्यातच पडलं. चाखून पाहायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

एवढ्यावर थांबता तरी चाललं असतं. पण पाहुणे यायचे म्हणजे घरात ताजं पाणी हवं, शिळं ओतून टाकायचं, ही रीत मोतीरामला चांगली ठाऊक होती. त्यानं रांजणातलं आठ दिवसांचं पाणी पपईला ओतलं. रांजण घासला. आणि नव्या झिऱ्याचं ताजं, थंडगार, उसळतं पाणी काठोकाठ भरून ठेवलं.

संध्याकाळी चतुराबाई परतली. मोतीरामनं हाताला धरून तिला रांजणापाशी नेलं. "चाख, बाई!" तिनं चाखलं. आणि तिथेच घात झाला. अकोल्याच्या स्टँडवर एसटी सुटत होती म्हणून तिनं उकळता चहा एका घोटात घशाखाली घातला होता. साऱ्या गावाचं पाणी ओळखणारी जीभ त्या दिवशी भाजून लाकूड झाली होती. "चांगलं हाये," ती म्हणाली, आणि कपबशा पुसायला बसली.

रविवारी दहाला पाहुणे आले. बुधाजी बुटका, हसरा. पंचफुला उंच, काळी, पांढऱ्या लुगड्यातली, आणि तिचे डोळे घरात शिरायच्या आधी कोपरे मोजून आले. "जयभीम" झालं. नव्या कपबशांत चहा आला आणि दूध फाटलेलं पाहून तानुबाई, जी मदतीला आली होती, तिनं तो पदराआड परत नेला. चुलीवर डाळ तासभर उकळत होती. तिनं पळीवर घेऊन दाबली. डाळ बोटातून उडून भिंतीवर टण्णकन वाजली. तिनं मोतीरामकडे पाहिलं. मोतीरामनं छपराकडे पाहिलं.

"किती खनलं रे?"

"आठ हात. बाई, तुयाच्यासाठीच..."

दुधावर साय असते ना, तसं त्या नाल्यात गोडं पाणी खाऱ्यावर तरंगून होतं. साय हळूच काढायची असते. मोतीरामनं पातेल्यात हात घालून ढवळलं होतं. चतुराबाईनं त्याला चुलीतलं लाकूड फेकून मारलं असतं, पण पाहुणे दारात होते. "जाय," ती दातांतून म्हणाली, "त्यायले गाव दाखव. मी बोलावल्याबिगर परत आनू नको."

मोतीरामनं गाव दाखवलं. शाळा दाखवली, ग्रामपंचायतीचा रेडिओ दाखवला, फुटलेलं तळं दाखवलं. बोलावणं येईना म्हणून पुन्हा शाळा दाखवली. तिसऱ्यांदा शाळेपुढे उभं केलं तेव्हा पंचफुला म्हणाली, "गावात शाया किती हायेत, भाऊ?" मोतीराम म्हणाला, "एकच हाये, पन बाजू चार हायेत!" बुधाजीला इतकं हसू आलं की त्याला ओट्यावर बसावं लागलं.

इकडे तानुबाईनं कनवटीतून सोड्याची पुडी काढली. "टाक चिमूटभर. गवताची काडीबी शिजते ह्यानं. कोनाले कळत नाई." चतुराबाईनं पुडी हातात घेतली. ती उघडली. देवमन माजघराच्या दारात उभा होता, नवा सदरा घालून, आईच्या हाताकडे बघत. ती पोरगी इथं येणार, पहिल्याच दिवशी घोटभर पाणी पिणार, आणि मग आयुष्यभर सासूकडे फसवलं गेल्याच्या नजरेनं पाहणार. एकदा शिजवता येईल डाळ, रोज कुठून शिजवू? चतुराबाईनं पुडी परत दिली. आणि तिला काय झालं कुणास ठाऊक, तिला हसू फुटलं. आठ दिवस थेंब थेंब वाचवलेलं पाणी पपईनं प्यालं, आपली जीभ भाजली, भाऊ पाहुण्यांना तीन तीनदा शाळा दाखवतो आहे. तिनं देवमनला पाहुण्यांना बोलवायला धाडलं, आणि ते येताच ती हसत हसत पातेलं उचलून ओट्यावर घेऊन गेली आणि पंचफुलाच्या पुढ्यात जोरानं हलवलं. डाळ खुळखुळ्यासारखी वाजली.

"आयका, हे आमचं वरन," ती म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही, सोड्याची पुडीसुद्धा सांगितली. तानुबाई पदरात तोंड लपवून बसली.

पंचफुला उठली. चपला घालायला लागली. पण बुधाजी म्हणाला, "थांब वो बाई, मले तो झिरा पाहू दे." ओलिताच्या माणसाला पाणी दिसलं की पुढे जाववत नाही. तो झिऱ्यात उतरला, पाणी चाखलं, थुंकलं, दगडावरची चुन्याची रेघ बोटानं पुसून पाहिली. वर येऊन म्हणाला, "आमच्याकडं आता इंजनं बसून राहिली. विहिरी रोज खोल करून राहिले. पानी खाली गेलं की अजून खोल. कोनी रेघ वढली नाई तिथं." मग चतुराबाईला विचारलं, "हे पुन्हा गोडं होईन?"

"मले माहीत नाई," ती म्हणाली. खोटं बोलायचं ते ओट्यावरच संपलं होतं.

पंचफुलानं निकाल दिला. "चांदूर रेल्वेचं एक स्थळ हाये आमच्यापाशी. रेल्वेतला पोरगा. माघाच्या पुनवेले त्यायले जबान द्याची हाये. पुनवेच्या आत ह्याच झिऱ्याच्या पान्यात डाय शिजली, आन मी ते वरन खाल्लं, तं पोरगी तुमची. नाई तं जयभीम."

पाहुणे फक्त झुणका-भाकर खाऊन गेले. आणि बोरखारात जी धांदल सुरू झाली तिला तोड नाही. मोतीराम बहिणीच्या पायावर डोकं ठेवायला आला तर तिनं पाय मागे घेतले आणि त्याच्या हातात फावडं दिलं. "तुले खनाचा लय सोस हाये ना? खन."

आधी आठ हातांचा खड्डा खालून चिकणमाती ठोकून बुजवला, वर साडेतीन हातांपर्यंत धुतलेली रेती. मग नाल्यात खालच्या बाजूला दगडमातीचा बुटका बांध, पाणी अडून मुरावं म्हणून. मग गल्लीगल्लीतलं सांडपाणी, जे सरळ वाहत झिऱ्याच्या वर नाल्यात उतरायचं, ते बंद. प्रत्येक न्हाणीच्या मागे एक खड्डा, त्यात गोटे, गोट्यांवर रेती, काठाला केळ नाहीतर अळू. गावात घरं सदतीस, खड्डे सदतीस, आणि खणणारा एकच मुख्य माणूस. पाटलाच्या परसात खणताना तानुबाई त्याला ताक नेऊन द्यायची आणि विचारायची, "मोतीरामभाऊ, खोल करू काय अजून?" सगळा वाडा हसायचा. मोतीरामही हसायचा, मग पाठ धरून बसायचा.

ही कामं पौषात संपली, आणि पुढे झिऱ्यातून महिनाभर कोणी घागर भरली नाही. लोकांनी खारं पाणी पिऊन तोंडं वाकडी केली पण शब्द काढला नाही. दर आठ दिवसांनी चतुराबाई तेवढी एक लोटा भरायची, तानुबाईच्या शेतातली तूर शिजायला घालायची, आणि चुलीभोवती अर्धं गाव जमायचं. पहिल्या खेपेला डाळ खडखडली. दुसऱ्या खेपेला खडखडली, पण जरा मऊ आवाजात, असं मोतीरामचं मत. तिसऱ्या खेपेला कडा फुटल्या. देवमननं शाळेतल्या फळ्यावर कोपऱ्यात पौर्णिमेला उरलेले दिवस लिहायला सुरुवात केली. पोरांना वाटलं, परीक्षा आहे. तेही घाबरून अभ्यास करायला लागले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी चतुराबाईनं झिऱ्याचं पाणी जिभेवर घेतलं. गोडं लागलं. तिनं थुंकलं, पुन्हा घेतलं. गोडं. पण तिचा विश्वास बसेना, कारण ते गोडं लागावं असं तिला इतकं वाटत होतं की जिभेवर भरवसा उरला नव्हता. ती कुणाला काही बोलली नाही. पौर्णिमेच्या पहाटे तिनं डाळ चढवली. लोक आले, दाटीवाटीनं उभे राहिले. उकळी आली, फेस वर आला, आणि डाळ फुटायला लागली. एक दाणा, दोन, मग सगळी, पिवळीधमक, मऊ लोण्यासारखी! मोतीरामनं तानुबाईच्या सुनेच्या कडेवरचं पोर हिसकावून हवेत उडवलं. कोणी ओरडलं, "कार्ड टाका, शेंदूरजनाले कार्ड टाका!"

मग देवमन, जो इतके महिने काहीच बोलला नव्हता, तो म्हणाला, "माय, कार्ड पोचाले चार दिवस लागतात. पुनव आजच हाये."

चतुराबाईनं देवमनच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिनं वरण घोटलं, फोडणी दिली, कडीच्या डब्यात ओतलं, झाकणावर फडकं आवळून बांधलं आणि पायात चपला सरकवल्या. "सातची एसटी किती वाजता येते रे, मोतीराम?"

"सातले, बाई!"

दर्यापूर, अमरावती, मोर्शी, वरुड. चार गाड्या बदलल्या. डबा चतुराबाईच्या मांडीवर आणि मोतीरामचे दोन्ही हात झाकणावर. ब्रेक लागला की तो "वरन, वरन!" असं ओरडायचा. मोर्शीपर्यंत गाडीतल्या सगळ्यांना हकिकत पाठ झाली होती. वरुडच्या कंडक्टरनं तर ड्रायव्हरला बजावलं, "खड्डे पाहून घेजा, पोरीचं लगन हाये डब्यात."

दिवस कलता कलता शेंदूरजनाघाटला पोचले. बुधाजीच्या ओट्यावर पंचफुला तांदूळ निवडत बसली होती. चतुराबाईनं डबा तिच्या पुढ्यात ठेवला आणि फडकं सोडलं. "झिऱ्याचं हाये. खा."

पंचफुलानं डाळ आधी दोन बोटांत दाबली. मग वाटीत घेतली, भुरका मारला. थांबली. कपाळाला आठी घातली. पुन्हा एक भुरका मारला. चतुराबाईला मोर्शीच्या रस्त्यावरचे सगळे खड्डे आता पोटात जाणवले.

"इहीनबाई," पंचफुला म्हणाली, "वरन आयनी हाये. मीठच टाकलं नाई तुमी!"

चतुराबाई तोंडात बोट घालून बसली. खरंच की! गडबडीत हात आपोआप चालला होता, आणि आयुष्यभर त्या हाताला मीठ घालावंच लागलं नव्हतं. मोतीरामला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि तो ओट्यावर उताणा पडून हसायला लागला. आळणी! बोरखारचं वरण आळणी! पंचफुलानं 'इहीनबाई' म्हटलं, म्हणजे विहीण मानलं, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं; चतुराबाईच्या आलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि हसूही येतच होतं.

"ललिता," पंचफुलानं आत हाक मारली, "मीठ घेऊन ये व, पोरी."

आतून एक मुलगी मिठाची वाटी घेऊन आली. कपाळ रुंद, चाल झपाझप. तिनं डब्यात डोकावलं, दोन चिमटी मीठ घातलं, पळीनं ढवळलं आणि चतुराबाईकडे पाहून विचारलं, "पुरे काय?"

चतुराबाईनं थेंबभर तळहातावर घेतलं आणि जिभेवर ठेवलं.

"पुरे," ती म्हणाली. "आता तिथंबी तुलेच टाका लागन. मले सवय नाई."